फोनचा खांदेपालट

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातलं जुनं, नांदतं गाव. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आणि किल्ला पाहायला अभ्यासक इथे येतात. गावची माणसं मात्र सतत बाहेर जात असतात. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला परळी नाहीतर अंबाजोगाई. पुढच्या शिक्षणाला लातूर, नोकरीला पुणे. आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्याच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात, त्या सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पुढे कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात.

या साऱ्यांच्या खिशात फोन असतो. त्यातून निघणारी रेडिओलहर फार लांब जात नाही. मोकळ्या माळावर काही किलोमीटर, शहराच्या दाट वस्तीत काहीशे मीटर, एवढीच तिची धाव. वाटेत एक टॉवर मागे पडतो, दुसरा येतो, तोही मागे पडतो. तरीही एसटीत बसल्यावर लावलेला फोन परळी येईपर्यंत चालू राहू शकतो, आणि मध्ये किती टॉवर बदलले याचा बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

चालू संभाषण एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या या कामाला हँडओव्हर म्हणतात. ते कसं होतं, आणि शहरात सहज जमणारं हे काम गावाकडच्या रस्त्यावर का फसतं, हे या प्रकरणात पाहू.

एकच उंच टॉवर का पुरला नाही

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मोटारीत बसवलेल्या फोनची सेवा सुरू झाली. अख्ख्या शहराला एक शक्तिशाली प्रक्षेपक आणि हाताशी मोजके चॅनेल अशी ती व्यवस्था होती. एक जण बोलत असला की त्याचा चॅनेल साऱ्या शहरासाठी अडकून पडे. मोटार हद्दीबाहेर गेली की बोलणं संपलं.

पुढच्याच वर्षी, १९४७ च्या डिसेंबरात, बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात वेगळी मांडणी सुचवली. प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा स्वतंत्र प्रक्षेपक द्यायचा. त्याची लहर तुकड्याबाहेर फारशी जात नाही. त्यामुळे तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या तुकड्यात पुन्हा वापरता येते. फ्रिक्वेन्सी तेवढ्याच, पण बोलणारे कितीतरी पट. या तुकड्याला सेल म्हणतात, आणि ‘सेल्युलर फोन’ हे नाव त्यावरूनच आलं.

फायदा मोठा होता, पण त्याची किंमतही होती. तुकडे जितके लहान, तितक्या हद्दी जास्त. चालत्या मोटारीतला माणूस दर काही मिनिटांनी एक हद्द ओलांडणार आणि दर वेळी त्याचा फोन तुटणार असेल, तर ती सेवा घेणार कोण? या प्रश्नावरचं एक महत्त्वाचं उत्तर बेल प्रयोगशाळेतल्याच एमॉस जोएल यांनी दिलं. बोलणं चालू असतानाच एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जोडणी वळवणाऱ्या त्यांच्या यंत्रणेला १९७२ मध्ये पेटंट मिळालं. त्यानंतर १९७९ मध्ये जपानात, १९८१ मध्ये नॉर्डिक देशांत आणि १९८३ मध्ये शिकागोत अशी सेल्युलर जाळी सुरू झाली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि आपल्याकडेही या युगाचा आरंभ झाला.

हद्दीवरचा एक सेकंद

आता एक हँडओव्हर अगदी जवळून पाहू. समजा, एसटी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. खिडकीजवळ बसलेली मुलगी ४जीवरून मामाशी बोलते आहे. तिचा फोन ज्या टॉवरला जोडलेला आहे त्याला ‘अ’ म्हणू आणि रस्त्यात पुढे येणाऱ्या टॉवरला ‘ब’.

मुलगी बोलत असते, तेव्हा फोन आणखी एक काम करत असतो. तो ‘अ’चा सिग्नल मोजतो आणि त्याच बरोबर आसपासच्या टॉवरांचेही सिग्नल मोजत राहतो. हे माप वजा आकड्यात असतं. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. वजा ८५ असेल तर उत्तम, वजा ११० असेल तर अशक्त, वजा १२० च्या पलीकडे बोलणं कठीण. हे माप डेसिबलचं असल्याने ३ चा फरक म्हणजे ताकद दुप्पट किंवा निम्मी, आणि १० चा फरक म्हणजे दहापट.

गाव सुटताना ‘अ’ वजा ९० वर होता आणि ‘ब’ वजा ११२ वर. काही मिनिटांनी दोघेही वजा १०२ च्या आसपास आले. इथेच उडी मारायची का? नाही. कारण सिग्नल सरळ रेषेत वाढत किंवा घटत नाही. झाडं, टेकडी, समोरून आलेला ट्रक, एसटीचा स्वतःचा पत्रा, या सगळ्यांमुळे तो क्षणाक्षणाला खालीवर होतो. बरोबरी होताच फोन ‘ब’कडे गेला, तर पुढच्याच वळणावर ‘अ’ पुन्हा वरचढ ठरेल आणि फोन परत फिरेल. अशी ये-जा सुरू झाली की दोन्ही टॉवरांची शक्ती त्यातच खर्ची पडते आणि बोलणं तुटायची शक्यता वाढते.

म्हणून ‘अ’ टॉवरने फोनला आधीच एक नियम दिलेला असतो. शेजारचा टॉवर माझ्यापेक्षा अमुक इतक्या डेसिबलने सरस झाला, आणि अमुक इतका वेळ सरसच राहिला, तरच मला कळव. समजा हे आकडे ३ डेसिबल आणि ३२० मिलिसेकंद असे आहेत. एवढ्या वेळात एसटी जेमतेम साडेपाच मीटर पुढे जाते. ‘ब’ तेवढा वेळ टिकला की फोन ‘अ’ला अहवाल पाठवतो.

निर्णय मात्र फोन घेत नाही, तो ‘अ’ घेतो. ‘अ’ थेट ‘ब’ला विचारतो, एक फोन तुझ्याकडे येतो आहे, जागा आहे का? ‘ब’कडे जागा असेल तर तो ती राखून ठेवतो आणि आत येण्याची खूण कळवतो. ‘अ’ ती खूण फोनला देतो आणि म्हणतो, आता जा. फोन ‘अ’ला सोडून ‘ब’ला गाठतो. या मधल्या काही दशांश नव्हे, तर काही शतांश सेकंदांत मामाचे जे शब्द ‘अ’कडे येऊन पडलेले असतात, ते ‘अ’ स्वतःहून ‘ब’कडे पुढे पाठवतो. शेवटी जाळ्याच्या मध्यवर्ती यंत्रणेला निरोप जातो की यापुढे या फोनसाठीचं सगळं ‘ब’कडे पाठवा. हे होईपर्यंत मुलीचं एक वाक्यही पुरं झालेलं नसतं.

वारीत पालखीचा खांदा बदलताना पाहिलं असेल, तर हे लगेच उमगेल. नवा वारकरी आधी दांड्याखाली येऊन उभा राहतो, चालीशी चाल जुळवतो, मगच जुना बाजूला होतो. पालखी थांबत नाही आणि खालीही येत नाही. सगळी मदार आधीच्या तयारीवर. तयारी उशिरा झाली किंवा खांदा द्यायला कुणी आलंच नाही, तर भार पेलणाऱ्याचा नाइलाज होतो.

तोडून जोडणं, जोडून तोडणं

जुन्या जीएसएम पद्धतीतही मोजमाप फोनच करायचा. बोलणं चालू असताना तो दर ४८० मिलिसेकंदांनी सर्वांत बलवान अशा सहा शेजाऱ्यांपर्यंतचे आकडे टॉवरला कळवत असे. पण जीएसएममध्ये आणि पुढे ४जीतही फोन एका वेळी एकाच टॉवरशी बोलतो. जुना सोडल्याशिवाय नवा धरता येत नाही. याला हार्ड हँडओव्हर म्हणतात.

सीडीएमए पद्धतीत दुसरी वाट होती. रिलायन्सने २००२ च्या डिसेंबरात जी मोबाइल सेवा सुरू केली ती याच पद्धतीची होती. तिच्यात शेजारचे टॉवर एकच फ्रिक्वेन्सी वापरतात आणि प्रत्येक संभाषण वेगळ्या सांकेतिक क्रमाने ओळखलं जातं. त्यामुळे हद्दीवरचा फोन एकाच वेळी दोन-तीन टॉवरांचा सिग्नल ऐकून त्यांची बेरीज करू शकतो. नवा टॉवर जोडला जातो, काही काळ दोन्ही साथ देतात, मग जुना सुटतो. हा सॉफ्ट हँडओव्हर. ३जीनेही तो उचलला. त्याची किंमत अशी की एका फोनसाठी दोन-तीन टॉवरांची जागा अडते. ४जीने हिशेब बदलला. खंड इतका छोटा करायचा की तो जाणवूच नये, आणि टॉवरांची जागा वाचवायची.

५जीच्या जागतिक नियमावलीच्या २०२० च्या आवृत्तीत एक शहाणी भर पडली. हद्दीवर सिग्नल इतका पडतो की ‘आता जा’ हा निरोपच कधी कधी फोनपर्यंत पोचत नाही, आणि बरेच कॉल नेमके इथेच तुटतात. म्हणून आता सिग्नल चांगला असतानाच टॉवर फोनला सांगून ठेवू शकतो की अमुक परिस्थिती आली की मला न विचारता त्या शेजाऱ्याकडे जा. टॉवरांमधलं अंतर मोठं असलेल्या भागासाठी ही सोय मोलाची आहे.

खिशातल्या फोनचा ठावठिकाणा

आतापर्यंत आपण बोलत्या फोनचं पाहिलं. पण फोन दिवसाचा बराचसा वेळ खिशात गप्प असतो. ऊसतोडीची टोळी रात्रभर ट्रकमधून प्रवास करते, तेव्हा शेकडो टॉवर मागे पडतात. त्या प्रत्येक वेळी जाळ्याशी निरोपांची देवाणघेवाण झाली तर बॅटरी सकाळपर्यंत टिकणार नाही. म्हणून गप्प असलेल्या फोनला वेगळा नियम आहे. चांगला टॉवर निवडणं त्याचं त्याने करायचं, आणि तोंड उघडायचं ते मुख्यतः मोठी हद्द ओलांडली की. अनेक टॉवर मिळून एक क्षेत्र केलेलं असतं. क्षेत्र बदललं की फोन जागा होतो, ‘मी इथे आलो’ असं कळवतो आणि पुन्हा झोपतो.

मग फोन आला की काय होतं? सिमकार्डवर एक १५ आकडी ओळखक्रमांक असतो. तो आपला मोबाइल नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत या क्रमांकासमोर फोन सध्या कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद असते. गावाकडे राहिलेल्या आजीने नातवाकडून फोन लावून घेतला, की ही नोंद बघितली जाते. मुलाचा फोन आता सांगली भागात आहे असं कळतं, आणि त्या क्षेत्रातले सगळे टॉवर एकदम त्या फोनला हाक मारतात. फडातल्या कोपीत ठेवलेला फोन एका टॉवरला ओ देतो आणि घंटी वाजते. कारखान्याच्या हंगामात पाच-सहा महिने घर दोन ठिकाणी विभागलेलं असतं. लेकरं आजी-आजोबांकडे गावात, आईबाप फडात. त्या घराला धरून ठेवणारी ही नोंद आहे.

या नोंदीला सरकारी सीमाही सोसाव्या लागतात. दूरसंचार परवान्यांसाठी देशाचे २२ सर्कल केलेले आहेत. महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई येत नाही, तिचं सर्कल वेगळं. कर्नाटकाचं अर्थातच वेगळं. काही वर्षांपूर्वीपर्यंत सर्कल ओलांडलं की रोमिंगचे जादा पैसे पडत. फडातला माणूस आलेला फोन उचलायलाही कचरत असे. आज देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशात कुठेही कंपनी बदलता येते. तंत्र तेच होतं. नियम आणि दर बदलले, तेव्हा गरिबाला त्याचा खरा उपयोग झाला.

टॉवरला शेजारी माहीत हवा

हँडओव्हर म्हणजे शेजाऱ्याच्या हाती सोपवणं. म्हणून प्रत्येक टॉवरकडे आपल्या शेजाऱ्यांची यादी असते. पूर्वी ही यादी अभियंते हाताने भरत. नवा टॉवर उभा राहिला आणि जुन्यांच्या यादीत त्याचं नाव घालायचं राहिलं, तर समोर भक्कम सिग्नल असूनही फोन तिकडे पाठवला जात नसे आणि बोलणं तुटत असे.

४जीत या कामी फोनचीच मदत घेतली जाते. प्रत्येक सेल हवेत आपला एक छोटा क्रमांक सांगत असतो. ४जीत असे ५०४ क्रमांक आहेत, ५जीत १,००८. फोनने यादीत नसलेला क्रमांक ऐकला आणि कळवला, की टॉवर म्हणतो, त्याची पूर्ण ओळख वाचून आण. फोन ती आणतो आणि यादीत नवा शेजारी आपोआप दाखल होतो. देशभरात टॉवर कितीतरी जास्त असल्याने हे क्रमांक पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. एकाच टॉवरच्या दोन बाजूंना एकाच क्रमांकाचे दोन शेजारी आले, तर फोन भलत्याच्याच हवाली होऊ शकतो. असे घोळ निस्तरणं हे जाळं सांभाळणाऱ्यांचं रोजचं काम आहे.

गावाकडची अडचण याहून मूळची आहे. तिथे शेजारीच लांब असतो. दोन टॉवरांच्या हद्दी एकमेकींवर पुरेशा चढलेल्या असतील, तरच मोजायला, ठरवायला आणि उडी मारायला वेळ मिळतो. हद्दी नुसत्या टेकलेल्या असतील किंवा मध्ये फट असेल, तर आकडेमोड कितीही चांगली असो, उपयोग नाही. बालाघाटाच्या रांगांमध्ये रस्ता टेकडीआड गेला की सिग्नल एकदम पडतो. त्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, जनरेटर चालू झाला नाही, की यादीतला शेजारी नुसता नावापुरता उरतो. त्या दिवशी रोजच्या रस्त्यावर रोज न तुटणारा फोन तुटतो आणि लोक म्हणतात, “रेंज गेली.” खरं तर सोपवायला पुढे कोणी उरलेलं नसतं.

फ्रिक्वेन्सीचाही यात वाटा आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी पार करतात. २३०० किंवा ५जीसाठी वापरात असलेल्या ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग भरपूर मिळतो, पण लहर लवकर थकते. केदारेश्वरासारख्या जाड दगडी बांधकामाच्या मंदिरात आवारातून गाभाऱ्याकडे जाताना वरच्या पट्ट्यातला सिग्नल आधी विरतो. अशा वेळी फोन जागचा फारसा न हलताही त्याच टॉवरच्या खालच्या पट्ट्यावर सोपवला जाऊ शकतो. म्हणजे हँडओव्हर फक्त प्रवासातच होतो असं नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. एकाच कंपनीचे टॉवर चालू कॉल एकमेकांकडे सोपवतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये अशी सोय सहसा नसते. आपल्या कंपनीचा टॉवर संपला आणि दुसरीचा शेजारीच उभा असला, तरी चालू बोलणं त्याच्याकडे जात नाही.

वाय-फायच्या उंबऱ्यावर

आतापर्यंतचे टॉवर एकाच घरचे होते. घरातलं वाय-फाय आणि बाहेरचं मोबाइल जाळं ही मात्र दोन वेगळी घरं आहेत, आणि तिथला प्रश्नही वेगळा आहे.

वाय-फायमध्ये कधी सोडायचं हे फोन स्वतः ठरवतो. मोबाइल जाळ्यात टॉवर निर्णय घेतो, इथे तसं विचारणारं कोणी नसतं. म्हणून अंगणाच्या टोकाला, वाय-फायची एकच कांडी उरलेली असताना, फोन त्यालाच चिकटून बसतो आणि समोरच्या टॉवरचा चांगला सिग्नल वाया जातो. मोठ्या कॉलेजात किंवा रुग्णालयात अनेक वाय-फाय केंद्रं असतात. तिथे फोनला शेजाऱ्यांची माहिती पुरवणारं आणि नव्या केंद्राशी ओळखपाळख झटपट उरकणारं मानक २००८ मध्ये आलं, आणि केंद्राने फोनला ‘तिकडे जा’ असं सुचवण्याची सोय २०११ मध्ये. घराबाहेर पडल्यावर मात्र यातलं काहीच कामी येत नाही.

खरी गाठ इंटरनेटच्या रचनेतच आहे. इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता असतो. हा पत्ता दोन कामं करतो. उपकरण कोण आहे हे सांगतो आणि ते कुठे आहे हेही सांगतो. टेबलावरच्या संगणकांच्या काळात दोन्ही एकच होतं. फोन घराबाहेर पडला की ‘कुठे’ बदलतं, पत्ता बदलतो, आणि समोरच्या सर्व्हरला वाटतं की हा कोणी नवाच आला. टीसीपी या जुन्या, भरवशाच्या पद्धतीत जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांनी आणि पोर्टांनी ओळखली जाते. एक पत्ता बदलला की जोडणी मेली.

म्हणूनच अंगणातून रस्त्यावर येता येता दुकानदाराला क्यूआरवरून पैसे पाठवले, तर स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहू शकतं. ॲप अजून मेलेल्या जोडणीवरून उत्तराची वाट पाहत असतं. अशा वेळी पैसे लगेच पुन्हा पाठवू नयेत. आधीच्या व्यवहाराची स्थिती पाहावी. व्यवहार तिकडे पुरा झालेला असू शकतो, फक्त त्याचा निरोप परत पोचायचा राहिलेला असतो.

या गाठीवर तीन दशकं काम चाललं आहे. १९९६ मध्ये मोबाइल आयपी ही पद्धत मांडली गेली. तिच्यात उपकरणाचा कायमचा पत्ता मूळ जाळ्यात राहतो, आणि तिथला मध्यस्थ आलेला मजकूर सध्याच्या तात्पुरत्या पत्त्यावर पाठवत राहतो. कल्पना चांगली होती, पण सामान्य माणसाच्या फोनपर्यंत ती त्या रूपात फारशी पोचली नाही. २०१३ मध्ये मल्टिपाथ टीसीपीचं प्रायोगिक मानक आलं. एकच संभाषण वाय-फाय आणि मोबाइल अशा दोन्ही वाटांनी चालवायचं, म्हणजे एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहते. ॲपलने त्याच वर्षी आपल्या सिरी सेवेसाठी ते वापरलं. मे २०२१ मध्ये क्विक हे मानक प्रसिद्ध झालं. त्याची मूळ मांडणी गूगलमधली. त्यात जोडणीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, तो आयपी पत्त्यावर अवलंबून नसतो. फोनचा पत्ता बदलला तरी तो त्याच जोडणीसाठी आधीच ठरलेला ओळखक्रमांक दाखवू शकतो, आणि सर्व्हर खात्री करून काम पुढे चालू ठेवतो. १५ आकडी सिमक्रमांकाने मोबाइल जाळ्यात जे साधलं, तेच इथे इंटरनेटवर साधलं. माणसाची ओळख त्याच्या ठिकाणापासून वेगळी केली.

फोनवरच्या बोलण्यासाठी कंपन्यांकडे वेगळा मार्ग आहे. वाय-फाय कॉलिंगमध्ये घरच्या वाय-फायमधून निघालेला आवाज सुरक्षित वाटेने थेट कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत जातो. ४जीवरचा कॉलही तिथेच येतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी बांधलेल्या असल्याने बोलत बोलत घराबाहेर आलं तरी कॉल चालू ठेवता येतो. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये फक्त ४जीचं जाळं घेऊन सेवा सुरू केली, तेव्हापासून ४जीवरचं बोलणं घरोघरी पोचलं. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी एअरटेल आणि जिओने वाय-फाय कॉलिंगही आणलं. मातीच्या किंवा दगडी जाड भिंतींच्या घरात, जिथे टॉवर आत पोचत नाही पण फायबर पोचलं आहे, तिथे ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जरूर चालू करावी.

टॉवरच चालतो तेव्हा

उपग्रहांच्या जाळ्यात सगळं उलटं होतं. इरिडियमचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात, स्टारलिंकचे बरेचसे ५५० किलोमीटरच्या आसपास. इतक्या खालून फिरणाऱ्या उपग्रहाला ताशी सुमारे २७ हजार किलोमीटर वेग लागतो. शेतात एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या आकाशातून तो काही मिनिटांत निघून जातो. माणूस स्थिर, टॉवर पळता. मात्र इथे एक गोष्ट सोपी असते. कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे पुढची तयारी वेळेवर करता येते. एसटीतली मुलगी पुढच्या फाट्यावर उतरेल की परळीपर्यंत जाईल हे टॉवरला माहीत नसतं. जमिनीवरचं काम त्यामुळेच अवघड.

हिशेब रस्त्याचाही हवा

कॉल तुटण्याचा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला की कॉल तुटला तर ग्राहकाला १ रुपया भरपाई द्यायची, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलांसाठी. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तुटणाऱ्या कॉलांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचं ट्रायचं बंधन आहे. पण प्रमाण मोठ्या क्षेत्राच्या बेरजेवर मोजलं, की शहरांतले लाखो सुरळीत कॉल एखाद्या घाटातल्या वळणावर रोज तुटणारे कॉल झाकून टाकतात.

‘या गावात नेटवर्क आहे’ हे वाक्यही अपुरं आहे. चौकात उभं राहून मोजलं तर ते खरंच असतं. माणसं मात्र चौकातच राहत नाहीत. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका, परळीला परीक्षेला निघालेली मुलं, रात्री फडाकडे निघालेला ट्रॅक्टर, या सगळ्यांना नेटवर्क हवं असतं ते दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर. तिथे जाळ्याची खरी परीक्षा होते, कारण तिथेच एका टॉवरने दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असतं.

हे काम आपल्या हाताबाहेरचं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी ४जी जाळं राष्ट्राला अर्पण झालं. त्याचा मध्यवर्ती भाग, म्हणजे फोनचा ठावठिकाणा ठेवणारी आणि वाटा वळवणारी यंत्रणा, सी-डॉट या सरकारी संस्थेने घडवला. रेडिओचा भाग तेजस नेटवर्क्सने दिला आणि जुळणी टीसीएसने केली. हँडओव्हरचे नियम लिहिणारे हात आता आपलेच आहेत. दोन डेसिबल इकडे किंवा तिकडे, शंभर मिलिसेकंद कमी किंवा जास्त, हे आपल्या रस्त्यांकडे बघून ठरवता येईल.

त्यासाठी तक्रारही नेमकी हवी. ‘रेंज नाही’ एवढं सांगून अभियंत्याला काही कळत नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिशेने जाताना, कोणत्या दगडाजवळ किंवा पुलाजवळ, किती वाजता फोन तुटला, आणि त्या वेळी गावात वीज होती का, एवढं लिहून दिलं तर दोष कुठल्या दोन टॉवरांच्या मध्ये आहे हे त्याला शोधता येतं. एकाने दिलं तर ती तक्रार असते. ग्रामपंचायतीने रोज ये-जा करणाऱ्या चालकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून महिनाभर अशी नोंद करून घेतली, तर तो रस्त्याचा नकाशा होतो, आणि तसा नकाशा समोर ठेवला की ‘तुमच्या गावात नेटवर्क आहे’ हे उत्तर देऊन कुणाला सुटता येत नाही.